तारपकऱ्याच्या दिशेने

आवडत्या कलावंताला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी प्रवास करणाऱ्या रसिकांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मात्र तिचा इतिहास प्रामुख्याने रागसंगीत आणि संगीत नाटक यांच्याच संदर्भात लिहिला गेला आहे. अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावलेले भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, आणि पुढे त्यांनीच आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाला गावोगावचे रसिक रजा काढून, नातेवाइकांकडे मुक्काम करून हजेरी लावू लागले. या इतिहासात जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांचे नाव येत नाही. तेथे संगीतासाठी वाट तुडवणारा रसिक नव्हता असे मुळीच नाही. त्याच्या ऐकण्याला तिकीट, आसन आणि रंगमंच यांचा आधार नसल्यामुळे त्याची नोंद घेण्याची रीत पडली नाही, एवढेच खरे.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून पालघर जिल्ह्यात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी हे येथील प्रमुख समाज आहेत. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. एकेक गाव अनेक पाड्यांत विखुरलेले असून, पाडा म्हणजे थोड्या घरांची वस्ती, बहुधा एखाद्या टेकाडावर किंवा ओहोळाकाठी असलेली. अशा भूभागात रात्री दुसऱ्या पाड्यावर जायचे तर शेताच्या बांधावरून आणि रानातून पायी जावे लागते, आणि तारप्याचा आवाज ही त्या वाटेची खूण ठरते.

तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य आहे. वाळवून आतून पोकळ केलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा कोठा असतो. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात, नळ्यांच्या आतल्या टोकांना कंप पावणाऱ्या जिभ्या असतात, बाहेरच्या अंगावर बोटांसाठी भोके असतात, आणि खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा रुंद तोंडाचा कर्णा जोडलेला असतो, जो आवाज मोठा करतो. सांधे मेणाने बुजवतात. वादक भोपळ्यात फुंकत असल्यामुळे त्याचे ओठ जिभ्यांना लागत नाहीत, आणि फुंक कमी-जास्त झाली तरी कोठ्यातल्या हवेमुळे सूर एकदम तुटत नाही. तरीही खरा कस श्वासाचा लागतो. गालांत धरून ठेवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घेण्याची क्रिया वादकाला साधावी लागते, कारण तारपा थांबला तर नाचही थांबतो. हे वाद्य वाजवणाऱ्याला तारपकरी म्हणतात.

तारपकरी मध्यभागी उभा राहतो, चालत राहतो, वळत राहतो. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि ती साखळी त्याच्याभोवती गोलाकार फिरते. नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. या नाचाच्या निरनिराळ्या चालींना चाळा असे नाव असून, तारपकऱ्याने चाळा बदलला की पावलांची ठेवण बदलते. पुढे असलेला नर्तक काठी जमिनीवर आपटून त्या बदलाचा इशारा मागच्यांना देतो. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी ही साखळी वाद्यापासून उलगडत जाणाऱ्या चक्राच्या रूपात रंगवली आणि ते चक्र जगभर पोहोचले. मात्र ते सुंदर नक्षी म्हणून पाहिले जाते तेव्हा त्यातली महत्त्वाची गोष्ट नजरेतून निसटते: चित्रातला प्रत्येक नर्तक हा मुळात श्रोता आहे. सभागृहातला श्रोता दाद देतो ती मान हलवून किंवा टाळी वाजवून. येथे ऐकलेले नीट कळले आहे की नाही, हे पुढच्याच पावलात दिसते, आणि तारपकऱ्यालाही ते समोर दिसत असते. दमलेल्या साखळीला तो धीमी चाल देतो, रंगात आलेल्या साखळीला वेगात ओढतो.

म्हणूनच येथील रसिकाचा प्रवास हा संगीताच्या बाहेरचा खटाटोप मानता येत नाही. पाचपन्नास माणसे चालत आली नाहीत तर साखळी होत नाही, आणि साखळी नसेल तर तारपकरी कोणासाठी चाळा बदलणार? पावसाळा सरत येतो, भात पिकू लागते आणि कणसरी या धान्यदेवतेच्या पूजेचे दिवस येतात, तेव्हा तारपा खुंटीवरून खाली उतरतो. वाघबारस आणि दिवाळी हा त्याचा ऐन भराचा काळ. दम टिकवणाऱ्या, चाळ्यांचा साठा मोठा असलेल्या वादकाकडे भोवतालच्या पाड्यांची पावले वळावीत, हे या रचनेत स्वाभाविकच ठरते.

जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा हे अशा वादकांपैकी सर्वांत ख्यातनाम होत. तारपा त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आला असून, ते तो वाजवतात आणि स्वतः घडवतातही. वयाची नव्वदी ओलांडल्यावर २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या सन्मानाने एका मोठ्या कलावंताची ओळख उर्वरित महाराष्ट्राला उशिरा का होईना पटली. ज्या श्रोत्यांनी त्यांच्या फुंकेवर आयुष्यभर पावले टाकली त्यांना ती ओळख केव्हाच होती, हेही तितक्याच आदराने नोंदवायला हवे.

अशा सन्मानांबरोबर प्रवासाची दिशा उलटते. पूर्वी श्रोते तारप्याकडे जात. आता तारपा शहरांतल्या महोत्सवांत, सरकारी कार्यक्रमांत आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत श्रोत्यांकडे जातो. त्यामुळे वादकाला मान व मानधन मिळते, तरुणांना हे वाद्य शिकावेसे वाटते, आणि हा लाभ लहान नाही. परंतु रंगमंचावर साखळीला अर्धवर्तुळात उभे राहावे लागते, तारपकऱ्याला प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते, आणि ठरलेल्या थोड्या मिनिटांत रात्रभराचे संगीत बसवावे लागते. मिरवणुकीत तर वर्तुळच मोडते. सर्वांची तोंडे एका दिशेला असतात.

या बदलापेक्षाही मोठा घाव स्थलांतराचा आहे, आणि तो संगीताच्या चर्चेत क्वचितच येतो. या दोन्ही तालुक्यांतली शेती मुख्यतः पावसावरची. भात, नागली आणि वरई हाती आली की गावात काम उरत नाही, आणि दिवाळीनंतर असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे कामापूर्वीच हातात पडलेली रक्कम, फेडायची असल्यामुळे निघण्याचा दिवस त्यांच्या हातात राहत नाही. घरातली कर्ती माणसे, नाचात पुढे असणारी तरुण मुले-मुली, तीच कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन टेम्पोत बसतात. तारप्याचा काळ अजून सरलेला नसतो तोच त्याचा श्रोता तालुक्याच्या सीमेपलीकडे गेलेला असतो. वाद्य टिकावे म्हणून प्रशिक्षण वर्ग निघतात, ते निघायलाच हवेत; पण गावात राहून पोट भरेल असे काम हिवाळ्यात मिळाले, रोजगार हमीची मजुरी वेळेवर हाती आली, तर तारप्याचे त्याहून मोठे संरक्षण होईल.

स्थलांतरित कुटुंबे होळीला परततात, आणि त्यापुढे या भागात बोहाडा सुरू होतो. बोहाडा म्हणजे देव, दानव आणि पशू यांचे मुखवटे चढवून संबळ व सनईच्या तालावर रात्रभर नाचवली जाणारी सोंगे. एकेक सोंग नाचवण्याचा मान पिढीजात असतो; लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा तोंडावर बांधलेला, समोर मशालीचा उजेड, आणि संबळवाल्याच्या हातावर खिळलेले पाय, अशा स्थितीत तो माणूस गर्दीतून पुढे सरकतो. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव याच प्रकारचा असून त्याला आसपासच्या गावांतून मोठी गर्दी लोटते. शेतीचे काम अद्याप सुरू झालेले नसते, भट्टीवरून आलेले चार पैसे गाठीला असतात, माणसे घरी असतात. बोहाड्याला जी गर्दी लाभते ती तारप्याला हल्ली का लाभत नाही, याचे कारण आवडीनिवडीत शोधण्यापूर्वी या तारखांत शोधणे अधिक न्याय्य ठरेल. संबळ ऐकायला रात्री डोंगर उतरून येणारी माणसे आणि काही महिन्यांपूर्वी तारप्याच्या साखळीतून गळालेली माणसे पुष्कळदा एकच असतात.