सहा महिन्यांची शिदोरी

भाऊबीज कालच झाली. धारूरच्या डोंगरात सकाळी अंगावर शाल लागते आणि नऊ वाजले की ऊन चटके देतं. मावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. एका बाजेवर लाल मिरच्या, दुसरीवर उडीद, ताडपत्रीवर बाजरी. कोंबड्या हाकलत मावशीची धाकटी नात मधून फिरतेय. परवा पहाटे ट्रॅक्टर येणार. मावशीचा मुलगा आणि सून, म्हणजे दादा-वहिनी, यांची टोळी ऊसतोडीला कोल्हापूरकडे निघालीय. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन झाली, ती खर्चूनही झाली. आता घरातल्या धान्याचे दोन वाटे करायचेत: एक जाणारा, एक राहणारा.

वहिनी उडदाचा दाणा दाताखाली धरते. कट्कन आवाज येतो.

"वाळले, आत्याबाई."

मावशी तळातून मूठ भरून काढते, एक दाणा चावून बघते. "खालचे मऊ हायेत. अजून एक ऊन दे."

शेंग रानात उभी असतानाच भुंगा तिच्यावर अंडी घालतो, म्हणजे कीड धान्यासोबतच घरात येते. म्हणून वाळलेल्या उडदाला वहिनी एरंडेलाचा हात देते. तळव्यावर चमचाभर तेल, आणि दाणे दोन्ही हातांत घोळवत राहायचे, प्रत्येकाला चकाकी येईपर्यंत. त्या पातळ थरानं अंडी गुदमरतात. बियाण्याचा मूग मात्र गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत, मडक्यात. तोंड शेणमातीनं लिंपून. बाजरी पत्र्याच्या कोठीत जाते, सावलीत वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट, पण संध्याकाळी, ऊन पूर्ण उतरल्यावर. गरम धान्य कोंडलं की त्याला घाम सुटतो. बाजारात धान्यात टाकायच्या गोळ्याही मिळतात. त्यांच्या वायूनं माणसं दगावतात. लेकरं झोपतात त्या खोलीत मावशी त्या गोळ्या येऊ देत नाही, आणि तिचं अगदी बरोबर आहे.

जाणाऱ्या वाट्यात बाजरी अख्खीच बांधायची. पीठ आठवड्यात कडू होतं, म्हणून तिकडं लागेल तशी दळायची. पीठ न्यायचं ते फक्त येसराचं. चुलीवर मोठी कढई आहे. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या. एकेक जिन्नस वेगळा भाजून वहिनी परातीत ओततेय. बाजरी फुटायला लागली की ती कान देऊन ऐकते, तडतड मंदावली की लगेच उतरवते. हे सगळं दळलं की डब्यात. पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या वाहून अंधारात कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतल्यावर तिला एवढंच करायचं असतं: फोडणी, पाणी, दोन मुठी येसर. आमटीला उकळी येते तोवर भाकरी थापून होते.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्या एका कोयत्यावर मिळते, हिशोबही त्यावरच होतो. हे भाजणं, चाळणं, सहा महिन्यांचं घर चार पोत्यांत बसवणं कुठल्याच हिशोबात येत नाही. ते यायला हवं, असं मला इथं तिच्या शेजारी बसून फार वाटतंय.

कोपऱ्यात शेवटच्या सीताफळांची पाटी आहे. बालाघाटातलं हे फळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे. पण घरात ते कसं ठेवणार? डोळे उघडले की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, गर आटवला तर कडवट होतो. म्हणून दुपारी सगळे जण पाटीभोवती बसून ती संपवतात. दादा बिया धाकटीच्या ओंजळीत टाकतो, ती मोजते.

उन्हं कलल्यावर वहिनी परसात येते. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर गवती चहा, अडुळसा, पानओवा, कोरफड लावलेली. पानओव्याच्या दोन फांद्या ती पेराखाली खुडते, ओल्या फडक्यात गुंडाळते. कोपीशेजारी डब्यात लावणार. उसाच्या रानात थंडी पडली की बारकी लेकरं खोकतात. मग तुळशीकडे वळते. वाळलेल्या मंजिऱ्या खुडल्याशिवाय झाड भरत नाही. मूठभर मंजिऱ्या पदरात घेऊन ती तिथंच उभी राहते.

"तुळशीच्या लग्नाला तू नसणार?" धाकटी विचारते. ती शाळेसाठी आजीपाशी राहणार आहे.

"आजी लावंल की. ऊस मागून आण शेजारून."

वहिनी तांब्या तिच्या हातात देते आणि तिचं मनगट धरूनच पाणी घालून दाखवते. "बुडाशी घाल, पानावर नको. गवती चहाला रोज. अडुळशाला दिवसाआड."

"आणि कोरफडीला?"

"तिला आठ दिवसांनी. माती कोरडी झाली का बोट घालून बघायचं, आन् मगच."

धाकटी मातीत बोट घालते.