गवताच्या हंगामावर चालणारा खेळ

दिवाळी जवळ आली की ग्वाल्हेरची मैदानं जागी होतात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, दुपारी लू अंगाला चटके देते, मग पाऊस आणि चिखल. शहराचा लष्कर भाग असो वा मोरार, उघड्या मैदानावर दिवसभर खेळायचं तर ऑक्टोबर ते मार्च एवढाच काय तो सुखाचा काळ. सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय द्विशतक इथल्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर ठोकलं, ते २४ फेब्रुवारी २०१० रोजी. इथल्याच शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर भारत आणि बांगलादेश यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तो ६ ऑक्टोबर २०२४ रोजी.

दिवाळीच्या याच दिवसांत फिनलंड आणि स्वीडन यांच्या सीमेवरच्या टोर्निओत मात्र आवराआवर चाललेली असते. आर्क्टिक वृत्ताच्या थोडं दक्षिणेला असलेलं इथलं गोल्फचं मैदान दोन देशांत पसरलेलं आहे. दोन्ही देशांच्या घड्याळांत एका तासाचा फरक, त्यामुळे एकाच डावात खेळाडू तासभर मागेपुढे होत राहतो. खेळायला मिळतात जेमतेम चार-पाच महिने. पण जूनमध्ये रात्रभर उजेड असतो आणि लोक त्याचा पुरेपूर फायदा घेतात. आइसलँडमधल्या आकुरेरी गावाने तर यावर एक स्पर्धाच उभी केली. १९८६ पासून तिथे जूनमध्ये ‘आर्क्टिक ओपन’ भरते आणि खेळ मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतो. वर्षाचा तोटा रात्री भरून काढायचा, असा हा हिशेब.

बाहेरच्या माणसाला वाटतं, थंडी माणसाला सोसत नाही म्हणून खेळ थांबतो. खरं तर थांबायला लावतं ते गवत. होलभोवतीची हिरवळ, म्हणजे ग्रीन, तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापलेली असते. एवढ्या बारीक पात्यांवर दहिवर गोठलेलं असताना पाय पडला, तर आतल्या पेशी फुटतात आणि पुढे तिथे पावलांचे काळपट ठसे उमटतात. बर्फाची भुसभुशीत चादर त्यामानाने बरी, ती पांघरुणाचं काम करते. पण तिच्याखाली अंधारात गवताला बुरशी लागू शकते. सर्वांत वाईट तो घट्ट काचेसारखा बर्फ. त्याच्याखाली हवा कोंडते आणि गवत गुदमरतं. ग्रीनवर आपोआप माजणारं वार्षिक ब्लूग्रास अशा बर्फाखाली दोनेक महिने तग धरतं, तर मुद्दाम लावलेलं क्रीपिंग बेंटग्रास चार महिन्यांपर्यंतही टिकतं. कॅनडातल्या अनेक मैदानांची मदार म्हणूनच या बेंटग्रासवर असते. तिथले ग्रीनकीपर भर हिवाळ्यात गोठलेल्या ग्रीनमधून मातीसकट गवताचे तुकडे कापून आणतात, उबदार खोलीत खिडकीशी ठेवतात आणि कोंब फुटतो का ते पाहतात. वसंतात किती ग्रीन जिवंत निघणार, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

ग्वाल्हेरच्या मैदानांवर वाढते ती दूर्वा. गणपतीला २१ जुड्यांनी वाहतात तीच. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात आणि जगभरच्या उष्ण प्रदेशांतली गोल्फची मैदानं तिच्या जातींवर उभी आहेत. तिशीच्या आसपासच्या तापमानात ती तरारते, पावसाळ्यात तर नुसती धावत सुटते. उन्हाळ्यात पाणी तुटलं की वरून करपते, पण मुळं आणि जमिनीलगतची खोडं जिवंत ठेवून पडून राहते. पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवी. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात ती पिवळी पडते आणि निजते. म्हणजे ग्वाल्हेरमध्ये माणसाचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हा गवताचा संपत आलेला असतो. म्हणूनच उत्तर भारतातल्या गोल्फ क्लबांमध्ये थंडीच्या तोंडावर दूर्वेवर रायग्रासचं बी टाकून तात्पुरती हिरवळ तयार केली जाते.

भारतात हा खेळ जुना. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. उन्हाळ्याला कंटाळलेले साहेब पुढे हा खेळ डोंगरावर घेऊन गेले. सिमल्याजवळच्या नालदेऱ्यावर लॉर्ड कर्झनचा इतका जीव जडला, की धाकट्या मुलीच्या नावात त्याने ‘नालदेरा’ घातलं. काश्मीरमधलं गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तिथे गोल्फ चालतो, हिवाळ्यात सारं बर्फाखाली जातं आणि माणसं स्कीइंगला येतात. उत्तरेकडच्या देशांचा आखूड हंगाम भारतात पाहायचा असेल तर तो इथे.

पण सगळ्यांनाच डोंगर परवडत नव्हता. सपाटीवरच्या कोरड्या छावण्यांमध्ये ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’ असत. होलभोवती वाळूचं गोल अंगण, त्यात तेल कालवलेलं, म्हणजे वाळू उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. गंमत अशी, की हजारो किलोमीटर दूर कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या छोट्या गावांनीही हीच युक्ती केली. हंगाम आखूड, पाणी आणि पैसा कमी, मग गवताचे लाड कोण पुरवणार? खेळाडू आपल्या चेंडूपासून होलपर्यंत लाकडी किंवा लोखंडी फळी ओढून वाळू सपाट करतो आणि मग फटका मारतो. अशी काही मैदानं तिथे अजून चालू आहेत.

ग्वाल्हेरमध्ये गोल्फचा विचार करायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. शहराची तहान मुख्यतः तिघरा धरणावर भागते. संस्थानी राजवटीतल्या महाराजा माधवराव शिंद्यांच्या काळातलं हे धरण. अभियंते विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्याला बसवलेल्या स्वयंचलित दारांचा प्रयोग पुढे इथेही झाला. अठरा होलच्या मैदानाला ऐन उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर रोज लाखो लिटर पाणी लागतं. मे महिन्यात नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहणाऱ्या जनकगंज-दौलतगंजातल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

उत्तरेकडच्या देशांकडून घ्यायचं ते इथे. टोर्निओ वर्षाचे सात-आठ महिने मैदान बंद ठेवतं आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. हंगाम आखूड असणं ही अडचण नाही. तो बारमाही करण्याचा हट्ट महाग पडतो. ग्वाल्हेरला शोभेल ते नऊ होलचं साधं मैदान: दूर्वेचं, वाळूच्या ब्राऊनचं, सांडपाणी शुद्ध करून त्यावर जगवलेलं, ऑक्टोबर ते मार्च उघडं आणि बाकीचे सहा महिने खुशाल करपू दिलेलं. १९५७ पासून शारीरिक शिक्षणाचे धडे देणारी लक्ष्मीबाई संस्था याच शहरात आहे. क्लबच्या महागड्या वर्गणीविना शाळकरी मुलांच्या हाती गोल्फची काठी द्यायची असेल, तर या संस्थेने आणि महापालिकेने मिळून असं एक मैदान करून पाहावं.