दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

एखाद्या कथेत जिथे जिथे ‘घर’ आहे तिथे ‘वाडा’ घाल, असे संगणकाला सांगितले, तर ‘घरटे’चे ‘वाडाटे’ होते. ‘घरात’ची गत आणखी वाईट. ‘वाडा’ला आधीच काना आहे, त्याला ‘घरात’मधला काना येऊन चिकटतो आणि शब्द वाचताच येत नाही. ‘वाड्यात’ हे रूप संगणकाला सुचत नाही, कारण सामान्यरूप ही चीजच त्याच्या गावी नसते.

संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे आकड्यांची ओळ. प्रोग्रॅमर तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत देवनागरीच्या मुख्य विभागासाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखले आहेत. त्यानुसार ‘घरात’ म्हणजे २३२८, २३५२, २३६६, २३४०. ‘र’चा क्रमांक वेगळा, त्याच्या कान्याचा वेगळा. शोधायचे म्हणजे दिलेले आकडे त्याच क्रमाने या ओळीत कुठे येतात ते पाहायचे; बदलायचे म्हणजे तेवढा तुकडा काढून दुसरा बसवायचा. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, याची या कामात कोणी चौकशीच करत नाही.

ब्राउझरमध्ये हे काम बहुधा जावास्क्रिप्ट करते. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा तयार केली. तिच्या ‘रिप्लेस’ या आज्ञेला शोधण्यासाठी साधा शब्द दिला, तर ती पहिल्याच जागी बदल करून थांबते. नवशिके इथे हमखास अडखळतात. सगळ्या जागा बदलणारी ‘रिप्लेसऑल’ ही आज्ञा भाषेच्या प्रमाण आवृत्तीत २०२१मध्ये आली. शिवाय मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी राहते. बदललेली प्रत वेगळी मिळते आणि ती ठेवून घेतली नाही, तर केलेले काम वाया जाते.

याहून बारीक शोधासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ वापरतात. त्यात नेमका शब्द न देता नमुना देतात; उदाहरणार्थ, दोन अंक, मग आडवी रेघ, मग चार अंक. या कल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात घातला आणि केन टॉम्पसन यांनी १९६८मध्ये तिच्यावर आधारलेली मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा नमुन्यात शब्दाची सीमाही सांगता येते. म्हणजे ‘घरटे’ वाचायला हवे होते. पण जावास्क्रिप्टची ही शब्दसीमा फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा ओळखते. देवनागरी तिच्या हिशेबात नाही. ‘कोणत्याही लिपीतले अक्षर’ असे सांगण्याची सोय २०१८मध्ये झाली. तिथेही काना-मात्रा अक्षरांत धरत नाहीत, खुणांत धरतात. त्यामुळे ‘अक्षर किंवा खूण’ असे दोन्ही सांगावे लागते.

मराठीची खरी परीक्षा पुढे आहे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ २४१८ या एकाच क्रमांकाने लिहिता येतो; हा क्रमांक युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोच उच्चार ‘अ’ आणि त्यावर अर्धचंद्र, म्हणजे २३०९ आणि २३७३, असाही लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी एक शोधले तर दुसरे सापडत नाही. वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेला मजकूर एकरूप करणारी युनिकोडची ‘नॉर्मलायझेशन’ ही प्रक्रियाही या दोघांना एक मानत नाही. तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो.

‘दऱ्या’मधला ‘र’ही दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ‘ऱ’ला हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. मजकूर साठवताना न दिसणारी चिन्हे काढून टाकण्याची प्रोग्रॅमरांना सवय असते. इथे ते जोडचिन्ह काढले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत समुद्र येतो. म्हणून आधी दुसऱ्या रीतीचे रूपांतर पहिल्या रीतीत करायचे आणि मगच सफाई करायची. क्रम उलटला की अर्थ गेला.

कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांच्या माणसांना याचा थेट फटका बसू शकतो. यादीत नाव एका रीतीने टाइप झाले असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने टाइप केले, तर नाव असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी मजकूर साठवताना आणि शोधतानाही आधी एकाच रूपात आणावा. चाचणीसाठी इंग्रजी शब्दांवर न थांबता ‘दऱ्या’, ‘ॲप’ आणि ‘घरात’ हे शब्दही द्यावेत. काम चार ओळींच्या कोडचे आहे, पण ते मराठी येणाऱ्यांनीच मनावर घ्यायला हवे. दऱ्या आणि दर्या यांतला फरक इतर कोणाला खुपणार नाही.