मांजर घराचे की माणसाचे?

‘कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेले असते. चार पिढ्या एकाच वाड्यात राहणाऱ्यांना ते खरे की खोटे याने काही फरक पडत नव्हता. घरही तेच, माणसेही तीच. मांजर कशाला धरून आहे हे तपासण्याची वेळच कोणावर येत नव्हती. पण मस्कतमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींची गोष्ट निराळी. इथे घर भाड्याचे, व्हिसा मुदतीचा आणि नोकरी कंपनीच्या मर्जीची. करार संपला की सोफा-फ्रिज कोणाला तरी विकायचे, भांडी-पुस्तके कार्गोने पाठवायची आणि मग उरते ती मुलांनी चार वर्षांपूर्वी हट्टाने घरात आणलेली मनी. अशा वेळी आजीचे वाक्य फार सोयीचे ठरते. मांजर काय, जागेचेच! खाली सोडले की राहील इथेच, चार मांजरांत पाचवे. उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास घुब्रा, अल् खुवैर, दारसेतच्या कचराकुंड्यांपाशी गळ्यात पट्टा असलेले एखादे मांजर बावरल्यासारखे फिरताना दिसते. त्याच्यामागे पुष्कळदा हे वाक्यच असते.

तेव्हा हे वाक्य जरा तपासून पाहू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी कुत्र्या-मांजरांच्या अकलेवर आणि मायेवर बरेच काम केले आहे, आणि त्यातून निघालेली उत्तरे आजीच्या उत्तराहून जास्त गंमतीची आहेत.

प्रथम या दोघांचे आपल्याकडे येणे कसे झाले ते पाहावे, कारण स्वभावाचे मूळ तिथे आहे. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. माणूस शिकारी होता, शेती अजून सुरू व्हायची होती, तेव्हापासून तो सोबत आहे. लांडगा कळपात राहणारा. म्हणजे पुढाऱ्याकडे पाहणे, इशारा समजणे, वाटून खाणे हे त्याच्या रक्तातच होते. मांजर आले फार पुढे, शेतीनंतर, धान्याची कोठारे झाल्यावर. कोठारात उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर. त्याला कोणी बोलावले नाही, ते आपल्या कामाने आले. २००७ साली ९७९ मांजरांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत जगातली सगळी पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरांच्या कुळातली ठरली. पुण्याच्या पेठेतला बोकासुद्धा मूळचा इकडचाच म्हणायचा! हे रानमांजर ओमानच्या वाद्यांत आणि डोंगरांत आजही आहे. ते एकटे राहणारे, एकटे शिकार करणारे. असा एकलकोंडा प्राणी माणसाच्या मांडीवर येऊन बसतो हेच खरे आश्चर्य. कुत्र्याच्या बाबतीत तेवढे आश्चर्य नाही.

आणि हे मांडीवर बसणे जुने आहे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाजवळ मांजर पुरलेले सापडले. त्या बेटावर मुळात रानमांजरे नव्हती, तेव्हा ते कोणीतरी होडीत घालूनच नेले असणार. आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर सिंधमधील चन्हुदडोचा. तिथल्या उत्खननात हडप्पाकाळातली एक वीट मिळाली. ओल्या मातीवर मांजराच्या पंजाचे ठसे आणि मागोमाग कुत्र्याचे! ज्या काळात हडप्पाच्या व्यापाऱ्यांचे मगन म्हणजे या ओमानच्या भूमीशी जाणे-येणे होते, तांबे इकडून जात होते, त्याच काळातला हा पाठलाग आहे. मांजर निसटले की नाही हे वीट सांगत नाही.

कुत्र्यांचाही इकडचा-तिकडचा धागा आहे. अरबस्तानातला सलुकी पाहिला, ती निमुळती मान, आत गेलेले पोट, लांब पाय, की सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला आपला कारवानी किंवा पश्मी आठवल्याशिवाय राहत नाही. कारवानीचे मूळ अरबस्तान-इराणकडून आलेल्या शिकारी कुत्र्यांत आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. याच जातीला मुधोळ संस्थानामुळे मुधोळ हाउंड हे नाव मिळाले, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. खंडोबा आणि दत्त यांच्या पायाशी कुत्रा आहे, युधिष्ठिराच्या शेवटच्या वाटेवरही आहे; मांजराला मात्र आपल्याकडे बाळाची पाचवी-षष्ठी सांभाळणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन होण्याचा मान आहे. इस्लाममध्ये मांजर स्वच्छ मानले जाते. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचे तर नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिलाचा बाप, असे पडले. कुत्र्याची शिकार, राखण यांसाठी मोकळीक आहे. पण त्याची लाळ लागली तर नमाजासाठी शुद्धी करावी लागते असे अनेक पंथ मानतात. म्हणून लिफ्टमध्ये तुमचा लाडका टॉमी पाहून ओमानी शेजारी मागे सरकला तर मनाला लावून घेऊ नये. तो कुत्र्यावर रागावलेला नाही. त्याला प्रार्थनेला जायचे आहे. आपणच पुढची लिफ्ट घ्यावी.

आता अकलेकडे वळू. मेंदूच्या वरच्या थरातल्या, म्हणजे विचार-नियोजनाच्या भागातल्या पेशी २०१७ साली मोजल्या गेल्या. कुत्र्यात सुमारे ५३ कोटी आणि मांजरात २५ कोटी निघाल्या. माणसात त्या १६ अब्ज असतात. हे ऐकून कुत्रेवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. पेशी किती यापेक्षा त्या कोणत्या कामाला लावल्या आहेत हे महत्त्वाचे.

कुत्र्याने त्या माणूस वाचायला लावल्या आहेत. आपण बोट दाखवले की कुत्रा बोटाकडे न पाहता बोटाच्या दिशेने पाहतो. आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण आपला जवळचा नातलग चिंपांझी यात कुत्र्याच्या मागे पडतो. कोलकात्याच्या संशोधकांनी हाच प्रयोग भारतातल्या रस्त्यांवरच्या भटक्या कुत्र्यांवर केला. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. निम्मी कुत्री भिऊन जवळच आली नाहीत. पण जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी दाखवलेले भांडे बरोबर ओळखले. त्यांना कोणी शिकवले नव्हते. शब्दांचे म्हणाल तर चेसर नावाच्या एका बॉर्डर कॉली कुत्रीला हजाराहून अधिक खेळण्यांची नावे येत होती. त्याआधीच्या रिकोची गोष्ट मला जास्त आवडते. माहीत असलेल्या वस्तूंत एक नवी वस्तू ठेवली आणि कधी न ऐकलेले नाव घेतले, तर तो बहुतेक वेळा नवीच वस्तू उचलून आणी. बाकीच्यांची नावे मला ठाऊक आहेत, म्हणजे हे नाव या नव्याचेच! लहान मुले शब्द शिकतात ते असेच. हंगेरीतल्या संशोधकांनी कुत्र्यांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात निवांत पडून राहायला शिकवले, आणि ओळखीची भाषा व परकी भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूत फरक दिसतो असे दाखवले. तेव्हा रुवीतल्या आपल्या घरात वाढलेल्या कुत्र्याला मराठी, जिन्यातली मल्याळम आणि मशिदीतली अरबी या तीन गोष्टी वेगळ्या वाटत असतील, असे मानायला हरकत नाही.

मायेचेही तसेच. २०१५ साली जपानमध्ये दिसले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळाला बांधणारा तोच रस. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत हे घडले नाही.

मांजराची परीक्षा घेणे मात्र महाकठीण, कारण परीक्षेला बसायचे की नाही हे तेच ठरवते. २००५ साली कुत्री आणि मांजरे या दोघांनाही एक न सुटणारे कोडे दिले गेले: अन्न दिसते, पण काढता येत नाही. कुत्र्याने थोडा प्रयत्न करून मालकाकडे पाहिले, ‘अहो, जरा हात लावता का?’ अशा नजरेने. मांजर आपले खटपट करत राहिले. बोटाची दिशा मात्र दोघांना सारखीच कळली. म्हणजे फरक समजण्यात कमी आणि मदत मागण्यात जास्त आहे.

मग हाक मारल्यावर मांजर येत का नाही? जपानमध्ये २० पाळीव मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. मालकाच्या आवाजाला कान वळले, मान हलली. पण उठून कोणी आले नाही. पुढे २०१९ साली हेही दिसले की मांजराला आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखता येते. थोडक्यात, ऐकू गेलेले असते, कळलेलेही असते. सरकारी कचेरीत अर्ज पोचलेला असतो तसे!

‘म्याऊ’चीही मौज आहे. मोठी झालेली मांजरे आपसांत फारसे म्याऊ करत नाहीत. ते मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेले बोलणे आहे. भुकेच्या वेळी मांजर गुरगुरते तेव्हा त्या गुरगुरीत एक बारीक, रडवेला सूर मिसळलेला असतो; तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा, दुर्लक्ष करता येऊ नये असा. पहाटे पाचला आपण उठतो ते त्यामुळे. ज्याला अक्कल कमी म्हणतात त्याने घरातल्या कर्त्या माणसाला पहाटे उठवून दूध गरम करायला लावावे, हे पाहण्यासारखे आहे.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात तान्ह्या मुलांसाठी वापरली जाते तशी परीक्षा मांजरांवर केली गेली. मांजर आणि मालक अनोळखी खोलीत दोन मिनिटे, मग मालक बाहेर, दोन मिनिटांनी परत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे ६४ टक्के पिले मालक परतताच त्याला भेटून, शांत होऊन पुन्हा इकडे-तिकडे हुंगायला लागली. म्हणजे मालक हा त्यांचा भरवशाचा खांब होता. माणसांच्या मुलांत हे प्रमाण जवळजवळ एवढेच असते. खोली अनोळखी होती हे ध्यानात घ्या. घर तिथे नव्हतेच, आधार माणसाचाच होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली इंग्लंडमध्ये अशाच वीस मांजरांच्या पाहणीत अशी ओढ स्पष्ट दिसली नव्हती आणि मांजर स्वतंत्र वृत्तीचे असते असा निष्कर्ष निघाला होता. पण ‘मांजराला माणसाशी देणेघेणे नाही’ हे विधान आता टिकत नाही.

आजी चूक होती का? अगदीच नाही. मांजर जागेला धरून असते हे खरे, पण जागा म्हणजे भिंती नव्हेत. मांजर सोफ्याला, दाराच्या कडेला, आपल्या पोटरीला गाल घासते ते आपला वास लावण्यासाठी. तो वास जिथे आहे ते घर. व्हिसा कॅन्सल करून आपण निघालो, सोफा विकला, दाराला कुलूप लागले, की त्या मनीसाठी घरही गेले आणि माणसेही गेली. उरतो तो जिना आणि खालची गल्ली, आणि गल्लीत आधीच दुसऱ्या मांजरांच्या हद्दी आखलेल्या असतात. मत्रहच्या मासळीबाजारातली ती चपळ, मोठ्या कानांची, आखूड केसांची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या या उन्हात घडलेली आहेत. एसीत वाढलेल्या पर्शियनला ते कसे जमावे? २६ जून २०१८ रोजी कुरियातमध्ये चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही, रात्रीसुद्धा. अशा दिवसांत रस्त्याच्या डांबरावर आपला हात पाच-सात सेकंद टेकवून पाहावा, म्हणजे पंजाचे काय होत असेल ते कळते. ज्यांना सोडून दिले आणि जी जगली-वाचली, ती रानमांजरांत मिसळतात आणि त्या मूळ वंशाची शुद्धता जाते, हे आणखी एक नुकसान.

आपल्या शाकाहारी घरांसाठी एक सूचना. कुत्रा दूध-भात, अंडे, डाळ यांवर बराच निभावतो. मांजर हे निखळ मांसाहारी. टॉरीन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते, नाही मिळाले तर हृदय आणि डोळे बिघडतात. दहीभातावर मांजर ठेवायचे असेल तर ठेवूच नये. आणि श्रीखंडाचे बोट लावून ‘तिलाही आवडते’ म्हणू नये. मांजराला गोड चव कळतच नाही, ती चाटते ते साय म्हणून.

बरोबर न्यायचे ठरवले तर ते आता अशक्य नाही. सलग दोन वर्षे परदेशी राहून मुक्काम हलवणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सामानाबरोबर भारतात आणता येतात. कातडीखालची चिप, रेबीजची वेळेवर टोचलेली लस, इथल्या कृषी मंत्रालयाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताच्या पशू विलगीकरण खात्याची ना-हरकत लागते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तीन महिने आधी चौकशी सुरू करावी. पर्शियन, पग अशा चपट्या नाकाच्या जातींना उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत. त्यांच्यासाठी हिवाळा धरावा. पिंजरा महिनाभर आधी हॉलमध्ये दार उघडे ठेवून मांडावा, जेवण त्यातच द्यावे, म्हणजे तो ओळखीचा होतो. पशुवैद्याला विचारल्याशिवाय झोपेचे औषध देऊ नये. तळाशी मनीची जुनी चादर घालावी, आणि ती अजिबात धुवू नये. मुंबई-पुण्याच्या नव्या घरात पहिले दोन आठवडे तिला एकाच खोलीत, त्या चादरीजवळ, खिडक्यांना जाळी लावून ठेवावे.