सिस्टरना हाक मारण्यापूर्वी

बेल दाबूनही सिस्टर आल्या नाहीत की आपण चिडतो. त्यामागचा हिशेब असा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या वॉर्डात ५ रुग्णांमागे, तर शिक्षण-रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला अनेक ठिकाणी एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो. औषधे, सलाइन, नोंदी सारे त्यांनीच सांभाळायचे. डॉक्टरांना उशीर झाला, बिल वाढले, तरी बोलणी त्यांनाच. पाळी संपली तरी पुढच्या सिस्टरला चार्ज दिल्याशिवाय घरी जाता येत नाही.

नोटा मोजताना कुणी बोलले की आम्ही बँकवाले पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. दिलेले इंजेक्शन मात्र परत घेता येत नाही. म्हणून सिस्टर औषध काढत असताना हाक मारू नये, घरातल्या एकानेच चौकशी करावी आणि प्रश्न आधी लिहून ठेवावेत.