तलवार, तोफ की डास?

आमच्या ऑफिसात लंच टाइमचा एक हिट टाइमपास आहे. कुणीतरी एक भन्नाट प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी डबे संपेपर्यंत भांडायचं. परवा प्रश्न आला, 'आजवरच्या लढायांमध्ये सगळ्यात जास्त माणसं कशानं मेली?' कुणी तलवार म्हणालं, कुणी तोफ, कुणी मशीनगन. मी म्हटलं, आजारानं. सगळे खो-खो हसले. पण मी हेमलकसा पाहिलंय, त्यामुळे मी ठाम होतो.

हेमलकसा म्हणजे गडचिरोलीचं अगदी टोक. पुढे भामरागड, तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम, पलीकडे छत्तीसगड. बहुतेक पाहुणे तिथले प्राणी बघायला जातात. मला विचाराल तर खरी बघण्याची गोष्ट तिथला दवाखाना आहे. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, माडियांची भाषाही आधी शिकावी लागली. पेशंट यायचे ते सेरेब्रल मलेरियाचे. हा मलेरिया थेट मेंदूवर जातो. सणसणीत ताप, झटके, मग शुद्धच हरपते. घरच्यांना वाटणार, अंगात काहीतरी शिरलंय. क्विनाईन वेळेत मिळालं तर तोच माणूस चार-पाच दिवसांत उठून बसणार. उशीर झाला की संपलंच. या जंगलात नक्षलवाद्यांच्या बंदुका १९८० नंतर आल्या, डास त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

सैन्यांचंही तेच. १८५४ ते ५६च्या क्रिमियन युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक गेले, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त रोगराईनं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर (आपली मराठा पलटणही तिथे लढली) तर हद्दच झाली. जनरल विल्यम स्लिमनं लिहून ठेवलंय की, १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते! मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण जवान त्या घेईनात. का? तर गोळीनं पुरुषत्व जातं, अशी अफवा. स्लिमनं अचानक तपासण्या सुरू केल्या. पलटणीतल्या ९५ टक्के जवानांनी गोळी घेतलेली नसेल, तर त्यांच्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. असे तीन साहेब घरी गेले आणि बाकीचे सुतासारखे सरळ आले. हा असला बॉस आपल्याला नको बाबा, पण मानलं त्याला.

आणि आता सगळ्यात भारी किस्सा. व्हिएतनामच्या युद्धात उत्तर व्हिएतनामचे सैनिक जंगलात मलेरियानं बेजार झाले होते. त्यांच्यासाठी चीननं २३ मे १९६७ला एक गुप्त मोहीम उघडली. तारखेवरून नाव पडलं, प्रोजेक्ट ५२३. त्यात तू यूयू या संशोधिकेनं जुन्या पोथ्या धुंडाळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात एक नुस्खा सापडला : अमुक वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. यात 'उकळा' कुठेच नव्हतं! उष्णतेनं गुण जात असणार, हे तिनं ताडलं, अर्क कमी तापमानाला काढला आणि १९७१ मध्ये औषध हाती लागलं. आर्टेमिसिनिन. २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं. आपण जोतिबाला दवणा वाहतो ना, ती वनस्पती त्याच दवण्याची चुलत बहीण. सेरेब्रल मलेरियाच्या पेशंटला आज याच औषधाच्या घराण्यातलं आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात. युद्धासाठी शोधलेली गोष्ट अशी जंगलातल्या माणसाच्या कामी आली.

हेमलकशाला जायचा प्लॅन असेल तर जरूर जा. फक्त मच्छरदाणीत झोपा. आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर 'व्हायरल असेल' म्हणत क्रोसिनवर दिवस काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, 'मी गडचिरोलीला जाऊन आलोय,' आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.