टॅरोची पाने आणि मनाचे दुखणे

‘डॉक्टर, पानांत निघालं ते तंतोतंत माझंच होतं!’ असे सांगणारा रुग्ण आता आमच्या तालुक्याच्या गावीही भेटू लागला आहे. पूर्वी बाजाराच्या दिवशी पोपटवाला ज्योतिषी पिंजरा घेऊन बसे. आता मोबाईलवर टॅरो आले. त्याची फी ऐकली की पोपट परवडला असे वाटते!

ही पाने मुळात खेळायची. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यांचे डाव रंगत. त्यांत गूढ अर्थ शोधण्याची टूम अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निघाली. आज सर्वत्र दिसणारा ७८ पानांचा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची.

मग सांगितलेले जुळते कसे? १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली व प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लेखी दिले. ते किती जुळते, यासाठी मुलांनी पाचपैकी सरासरी सव्वाचार गुण दिले. मजकूर मात्र सर्वांना एकच होता, आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला! ‘तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण कुणाला त्याची किंमत नाही,’ हे वाक्य कुणालाही ऐकवून पाहा. नाही म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

करमणूक म्हणून कुणी पाने पिसली तर माझी तक्रार नाही. शिवाय तिथे अर्धा तास कुणी तरी आपले ऐकून घेते. आमच्या दवाखान्यात बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असताना ते सुख मिळत नाही, हेही खरे. पण मन आजारी असताना हाच खेळ अंगाशी येतो.

एक आई आपल्या तरुण मुलाला ‘पित्त आणि अशक्तपणा’ म्हणून घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आलेले. पानांवरून सांगितले होते, ‘स्वभाव आळशी, एकलकोंडा, पुढची तीन वर्षे कठीण.’ वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याचे पान निघाले होते, ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी झोपेचे विचारले. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. भूक गेली, वजन उतरले, क्रिकेटचा सामनाही पाहावासा वाटत नाही. असे दीड महिना चालले होते. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे विचारल्यावर त्याने मान हलवली आणि आईंनी तोंडाला पदर लावला.

वाचकहो, हा आळस नव्हे, स्वभावही नव्हे. हे नैराश्य, म्हणजे डिप्रेशन. पुढे सारा अंधार आहे असे हा आजार माणसाच्या मनात आधीच भरवत असतो. पानांनी त्यावर शिक्का मारला. घोड्यावरच्या सांगाड्याचे ‘मृत्यू’ नावाचे पान निघाले तर त्याचा अर्थ ‘बदल’ असा घ्यायचा, असे टॅरोवालेच सांगतात. पण रात्र रात्र जागणाऱ्याला तो सांगाडाच दिसणार. आजार स्वभाव म्हणून गळ्यात पडला की माणूस औषध घ्यायलाही तयार होत नाही. वास्तविक उपचारांनी यातले बहुतेक रुग्ण सुधारतात. मात्र गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, सोबत झोप, भूक बिघडली, तर आपल्या डॉक्टरांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांवर उपचार मिळतात. मरणाचे विचार येतात का, हे घरच्यांनी सरळ विचारावे. विचारल्याने माणूस भरीस पडतो ही समजूत चुकीची आहे. उलट त्याला मोकळे वाटते. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. उत्तर ‘हो’ आले तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि घरात फवारणीचे औषध असेल तर ते आधी बाहेर कुलपात नेऊन ठेवावे.